पिकअप ट्रक, कॅनडातील

पुढे बंद केबिन आणि मागे सामानासाठी उघडा हौदा असलेले हलके मोटारवाहन. कॅनडात ते शेतकरी, सुतार, तेलक्षेत्रातील कामगार यांच्याइतकेच सामान्य कुटुंबांच्याही दारात दिसते, विशेषतः आल्बर्टा व सस्कॅचेवान प्रांतांत. फोर्डची एफ-मालिका तेथील विक्रीत अनेक वर्षे अग्रस्थानी राहिली आहे.

या वाहनाची खरी कसोटी हिवाळ्यात लागते. तापमान उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की इंजिनातील तेल घट्ट होते, बॅटरीची ताकद घटते. म्हणून रात्रभर ब्लॉक हीटरची वायर विजेच्या प्लगला जोडून इंजिनातील कूलंट कोमट ठेवतात. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर भार कमी पडतो व ती बर्फावर घसरतात. त्यासाठी मागील आसाच्या वर वाळूची पोती ठेवण्याची जुनी रीत आहे. ती घट्ट बांधलीच पाहिजेत, कारण जोरात ब्रेक लागल्यास सुटे पोते केबिनवर आदळते. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी बर्फातून निघते खरी, पण ती लवकर थांबत नाही, हे नव्या चालकाने विसरू नये. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत.