पगार

मराठीतला 'पगार' मुळात क्रियापद. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. स्पॅनिश, कातालान, गालिसियन भाषांतही ते याच रूपात लिहितात. त्याचे मूळ असलेल्या लॅटिन 'पाकारे'चा अर्थ मात्र शांत करणे. धनकोला पैसे देऊन शांत करण्यापर्यंतचा हा प्रवास महिनाअखेरीला कुणालाही पटावा. मराठीत हा शब्द आला तो पोर्तुगिजांमुळे. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना दिली. १७३९मध्ये मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकेपर्यंत ती त्यांच्याकडे होती. पोर्तुगिजांच्या या सहवासात पश्चिम किनाऱ्यावर पाव, बटाटा, चावी, बादली हे शब्द रुजले, पगारही त्यांतलाच. मराठीने क्रियापदाचे नाम केले, अर्थही वेतनापुरता आवळला. त्यामुळे इथे कोणी 'पगारत' नाही, पगार 'होतो'. वसईवरून जाणाऱ्या विरार लोकलमध्येही 'पगार झाला का?' असेच विचारतात. वेतनासाठीचा जुना शब्द 'मुशाहिरा' दप्तरातच राहिला.