साखर संपली, रूळ उरले: सेंट किट्सची सहल

लोकलमध्ये लटकत ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून हे गुपचूप वाचणाऱ्यांनाही नमस्कार.

आजचा विषय सुट्टीचा आहे. कॅरिबियन बेटावरची सुट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेली रील येते. निळं पाणी, वाकलेला माड, झिपलाइनवर ओरडणारं कुणीतरी, मग एक किल्ला, एक ट्रेक, एक खेळण्यासारखी रेल्वे. मी ऑनसाइट असताना थंडीला वैतागून आम्ही चार मित्र सेंट किट्सला पाच दिवस जाऊन आलो आणि यादीतलं सगळं केलं. नंतर एकेका जागेचा इतिहास वाचायला बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या यादीतल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला आधी दुसरी नोकरी होती. आणि सगळ्यांचा मालक एकच होता: साखर.

तर आज आपण तीच यादी घेऊ. फक्त प्रत्येक जागेला विचारू, "बाई गं, तू आधी काय करत होतीस?"

आधी पत्ता सांगतो. क्रिकेट बघणाऱ्यांनी बासेटेर हे नाव ऐकलं असेल. २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये हर्शल गिब्सनं नेदरलँड्सविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले, ते बासेटेरच्या वॉर्नर पार्कवर. बासेटेर ही 'सेंट किट्स आणि नेव्हिस' या दोन बेटांच्या देशाची राजधानी. सेंट किट्स बेट साधारण १७० चौरस किलोमीटरचं. बृहन्मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नाही. मध्ये ज्वालामुखीचे डोंगर, त्यांच्याभोवती परकरासारखी पसरलेली सुपीक उताराची जमीन, आणि मग समुद्र. हा परकर लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याचीच आहे.

इथे आधी कालिनागो लोक राहायचे. त्यांनी बेटाला दिलेलं नाव 'लियामुइगा', म्हणजे सुपीक भूमी. १६२४ मध्ये थॉमस वॉर्नर नावाचा इंग्रज माणसं घेऊन इथे वसला. पुढच्याच वर्षी फ्रेंच आले. १६२६ मध्ये दोघांनी मिळून कालिनागोंची कत्तल केली. ती जागा आजही नकाशावर 'ब्लडी पॉइंट' नावानं आहे. मग गोऱ्यांनी बेट वाटून घेतलं: मधला भाग इंग्रजांचा, दोन्ही टोकं फ्रेंचांची. सुरुवातीला तंबाखू लावला. सतराव्या शतकाच्या मध्यापासून ऊस आला, आणि उसासाठी आफ्रिकेतून माणसं पकडून आणली गेली.

आता यादी.

पहिली गोष्ट: झिपलाइन. विंगफिल्ड नावाच्या दरीवरून तारा टाकल्यात. कमरेला पट्टे बांधायचे आणि सोडून द्यायचं. खाली घनदाट झाडी, नदी, आणि मध्येच एक दगडी चिमणी. ती चिमणी जुन्या साखरमळ्याची. नदीच्या पाण्यावर चाक फिरायचं, चाकावर चरक, चरकातून रस, रस काहिलीत उकळायचा, आणि उरलेल्या मळीची रम. कोल्हापूर-सांगलीकडच्या श्रोत्यांना हे वेगळं समजवायला नको. गुऱ्हाळच आहे ते. फरक एवढाच की इथल्या गुऱ्हाळात काम करणारा माणूस स्वतःच मालकाच्या हिशेबवहीत मालमत्ता म्हणून लिहिलेला असायचा. तोडीच्या दिवसांत चरक रात्रंदिवस चालायचे. झोपेच्या तारेत ऊस सरकवताना हात आत ओढला गेला तर तो तोडायला जवळ कुऱ्हाड ठेवलेली असायची, अशा नोंदी कॅरिबियनमधल्या मळ्यांबद्दल सापडतात.

शेजारच्या रॉम्नी मॅनरच्या आवारात एक अवाढव्य झाड आहे, शेकडो वर्षांचं सांगतात. त्याखाली उभं राहिल्यावर मला ओळखीचं वाटत होतं, आणि कारण साधं होतं. ते आपलं रेन ट्री. मुंबईच्या जुन्या रस्त्यांवर सावली धरणारं तेच झाड. ते मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडे इंग्रजांच्या काळात आलं.

दुसरी गोष्ट: किल्ला. ब्रिमस्टोन हिल. ब्रिमस्टोन म्हणजे गंधक. सुमारे २३० मीटर उंच टेकडी, वर बुरूज, तोफा, आणि पलीकडे समुद्रात सेंट युस्टेशस बेट. इंग्रजांनी १६९० मध्ये इथे पहिल्या तोफा चढवल्या आणि पुढची शंभरेक वर्षं बांधकाम चालू राहिलं. एवढ्याशा बेटासाठी एवढा किल्ला का? कारण खाली दिसणारा तो परकर. उसाचे फड म्हणजे तेव्हाची रोकड. १७८२ मध्ये फ्रेंचांनी ८,००० सैनिक घेऊन वेढा घातला. आत इंग्रजांचे साधारण १,०००. महिनाभर किल्ला लढला, मग पडला. पुढच्याच वर्षी तहात बेट इंग्रजांना परत मिळालं.

पण मला वेढ्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९९९ मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या अधिकृत वर्णनात अगदी ठळकपणे म्हटलंय की आराखडा ब्रिटिशांचा आणि बांधकाम गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी लोकांचं. ज्वालामुखीचा काळा दगड त्यांनी फोडला, टेकडीच्या उतारावरचा चुनखडक त्यांनी भाजून चुना केला, आणि त्या कड्यावर सगळं त्यांनीच वाहून नेलं.

आपले बारा किल्ले २०२५ मध्ये याच यादीत गेले. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. राजगडाला, रायगडाला जाताना आपल्याला कोणता राजा, कोणती लढाई, कोणती तारीख हे पाठ असतं. स्वराज्याच्या किल्ल्यांची गोष्ट आणि मळेवाल्यांच्या किल्ल्याची गोष्ट एक नाही, हे मान्य. पण दगड कुणी वाहिला, हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो.

तिसरी गोष्ट: ट्रेक. माउंट लियामुइगा, १,१५६ मीटर. कळसूबाईपेक्षा बराच बुटका, पण चिखल, मुळं आणि दमट हवा मिळून चांगलाच घाम काढतो. वर ज्वालामुखीचं विवर आहे, साधारण किलोमीटरभर रुंद. इंग्रज या डोंगराला 'माउंट मिझरी' म्हणायचे, म्हणजे दुःखाचा डोंगर. १९ सप्टेंबर १९८३ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा डोंगराला कालिनागोंनी बेटाला दिलेलं जुनं नाव मिळालं.

वाटेतलं जंगल सुंदर आहे. ते वाचलं, कारण एवढ्या चढावर ऊस लावणं परवडत नव्हतं. आणि ऊस नव्हता तिथे मालकाची नजरही पोचत नव्हती. १ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिश कायद्यानं गुलामगिरी संपली. मालकांना भरपाई म्हणून सरकारनं २ कोटी पौंड बाजूला काढले. राबणाऱ्यांना काय? त्यांना सांगितलं, आता तुम्ही 'ॲप्रेंटिस'. म्हणजे त्याच मळ्यावर, आठवड्याला चाळीसहून जास्त तास, फुकट, आणखी काही वर्षं. सेंट किट्सच्या लोकांनी सरळ काम नाकारलं. मार्शल लॉ लागला, आणि अनेकजण या डोंगरातल्या जंगलात शिरले. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ला झाली. आपण सेल्फीसाठी चढतो तो डोंगर त्यांच्यासाठी लपायची जागा होता.

चौथी गोष्ट: रेल्वे. माझी सगळ्यात आवडती. दुमजली डबे, वरचा मजला उघडा, हातात थंड पेय, डब्यात गाणारी मंडळी. साधारण २९ किलोमीटर रेल्वेनं आणि १९ किलोमीटर बसनं, असा बेटाला पूर्ण वळसा. गाडी हळू चालते. तिथे ओढ्याच्या खोल घळीला 'घॉट' म्हणतात, उच्चार 'गट' असा. लोखंडी पुलांवरून गाडी हे घॉट ओलांडते, तेव्हा सगळे मोबाइल बाहेर निघतात.

हा मार्ग प्रवाशांसाठी आखलाच नव्हता. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, नाहीतर साखरेचा उतारा घटतो. म्हणून आधी प्रत्येक मळ्याचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. १९१२ मध्ये बासेटेरला एक मोठा मध्यवर्ती कारखाना आला. मग प्रश्न पडला की सगळ्या बेटाचा ऊस तिथे वेळेत आणायचा कसा? उत्तर: रेल्वे. १९१२ ते १९२६ या काळात बेटाभोवती रूळ पडले. रुंदी ७६२ मिलिमीटर. आपल्या विदर्भातल्या शकुंतला रेल्वेची हीच रुंदी, आणि तीही माणसांपेक्षा कापसासाठी टाकलेली. म्हणून सेंट किट्सची गाडी जुन्या फडांमधून जाते आणि कारखान्याच्या दिशेनं वळते. आमच्या भाषेत सांगायचं तर ॲप नवीन आहे, बॅकएंड १९१२ चा.

गुलामी संपली तरी मजुरी फार सुधारली नव्हती. जानेवारी १९३५ मध्ये बकलीज मळ्यावरच्या ऊसतोड मजुरांनी वाढीव मजुरीसाठी काम थांबवलं. गोळीबार झाला, तीन मजूर मेले. ऊसतोड, मजुरीचा दर, संप हे शब्द बीडच्या माणसाला परके नाहीत. १९४० मध्ये कामगार संघटना उभी राहिली. साखर कारखान्याच्या यंत्रशाळेत काम शिकलेला रॉबर्ट ब्रॅडशॉ नावाचा तरुण तिचा नेता झाला आणि पुढे देशाचा पहिला प्रीमियर. सेंट किट्सला विमान उतरतं त्या विमानतळाला त्याचंच नाव आहे. म्हणजे सहलीचं पहिलं पाऊलही साखरेच्याच गोष्टीत पडतं.

पाचवी गोष्ट: बीच. बेटाच्या दक्षिण-पूर्वेला शेपटीसारखा एक निमुळता भाग आहे. टिमथी हिलवर उभं राहिलं की एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र. महागडी हॉटेलं याच बाजूला. गंमत म्हणजे साखरेच्या काळात या शेपटीला फारशी किंमतच नव्हती. जमीन कोरडी, ऊस येत नाही, मिठागरं तेवढी. ज्या जमिनीवर रक्त सांडलं तो परकर आज बराचसा पडीक आहे, आणि जिला कुणी विचारत नव्हतं ती शेपटी सोन्याच्या भावात. जमीन तीच आहे, गिऱ्हाईक बदललं.

हे गिऱ्हाईक कधी बदललं? २००५ मध्ये. कारखाना तोट्यात, डोक्यावर कर्ज, आणि युरोपकडून मिळणारा ठरलेला चढा भाव कमी होणार हे दिसत होतं. सरकारनं त्या वर्षीच्या तोडीनंतर साखर बंद केली. साडेतीनशे वर्षांचा धंदा एका हंगामात संपला. पर्यटकांची गाडी त्याआधी दोनेक वर्षं सुरू झालीच होती. आता रुळांवर तीच एकटी उरली.

मग बेटानं विकायला काय काढलं? दृश्य. आणि पासपोर्टसुद्धा: गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची योजना या देशात १९८४ पासून आहे. २००६ नंतर त्यातला पैसा ज्या संस्थेत जमा व्हायचा तिचं नाव होतं 'शुगर इंडस्ट्री डायव्हर्सिफिकेशन फाउंडेशन'. साखर गेली तरी नाव सोडत नाही बघा.

आता माझं म्हणणं. "पर्यटन म्हणजे नवी गुलामगिरी" असलं काही मी म्हणणार नाही. ते खोटं आहे, आणि तिथल्या लोकांचा अपमानही. आमचा गाइड पगार घेत होता, सुट्टी घेत होता, आणि भारताच्या बोलिंगवर माझ्याशी मनसोक्त भांडलाही. माणूस मालमत्ता असणं आणि माणूस नोकरदार असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण एक जुनी सवय मात्र टिकलीय: सगळं बेट एकाच गोष्टीवर, आणि तिचं गिऱ्हाईक समुद्रापलीकडे. पूर्वी लंडनमध्ये साखरेचा भाव पडला की इथे चूल थंडावायची. २०२० मध्ये कोविडनं क्रूझ जहाजं थांबली आणि पुन्हा तेच झालं. रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा जहाज बंदरात कधी लागतं त्यावर ठरतं. शंभर वर्षांपूर्वी ते उसाच्या तोडीवर ठरायचं.

मग जायचं की नाही? बिनधास्त जा. झिपलाइन करा, रम चाखा, माकडांपासून ग्लास सांभाळा. हो, ती हिरवट माकडंही सतराव्या शतकात आफ्रिकेतून जहाजांनीच आली. एवढंच करा: क्रूझवाले असाल तर सहा तासांत परत पळू नका. एक रात्र राहा, गावातल्या खानावळीत जेवा, तिथला माणूस गाइड घ्या. आणि त्याला विचारा, "तुझे आजोबा काय करायचे?" आमच्या गाइडला मी हे विचारलं. त्यानं रुळांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "याच गाडीत ऊस भरायचे."

चला, आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या गावाजवळ अशी एखादी जागा असेल, जिथे आज लोक फोटो काढतात आणि काल कुणाची तरी पाठ वाकली होती, तर मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या गोष्टींचा एक वेगळा भाग करू.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत चहात साखर बेतानंच!