चेन-स्टोक्स श्वसन

चेन-स्टोक्स श्वसन : श्वासाची लय ठरावीक क्रमाने चढत, उतरत आणि मधूनमधून पूर्ण थांबत राहण्याची अवस्था. आधी उथळ श्वास, मग प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा खोल, धाप लागावी इतका. तिथून उतार, आणि शेवटी काही सेकंद छाती निश्चल. हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णांत, विशेषतः झोपेत, हे चक्र साधारण मिनिटामिनिटाला फिरत राहते.

डब्लिनमध्ये वैद्यकी करणारे स्कॉटिश डॉक्टर जॉन चेन यांनी १८१८ मध्ये साठ वर्षांच्या एका रुग्णाचे असे श्वसन नोंदवले. पाव मिनिट श्वास बंद आणि मिनिटभराच्या एका फेऱ्यात सुमारे तीस श्वास, असे मोजमापही त्यांनी दिले. १८५४ मध्ये विल्यम स्टोक्स यांनी आपल्या ग्रंथात या लक्षणाचा संबंध हृदयाच्या दुर्बळतेशी जोडला. स्टोक्स हे डब्लिनच्या मीथ रुग्णालयाचे डॉक्टर. स्टेथोस्कोपच्या वापरावरचे त्यांचे पुस्तक १८२५ मध्येच निघाले होते.

या विकारात बिघाड कुठे असतो, हे समजायला निरोगी श्वासाकडे पाहावे लागते. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतला दाब घटतो आणि सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली साधारण १५० मिलिलिटर श्वासनलिकांतच राहते. उरलेली हवा फुप्फुसांतल्या कोट्यवधी वायुकोशांत पोचते. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. वायुकोशातल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर तिथे येणाऱ्या रक्तात तो ४०. या फरकामुळे ऑक्सिजन आपोआप रक्तात झिरपतो आणि हिमोग्लोबिनला चिकटतो. कार्बन डायऑक्साइड उलट दिशेने जातो. त्याला ४५ आणि ४० एवढासा फरकही पुरतो. केशवाहिनीतून जायला रक्ताला पाऊण सेकंद लागतो, आणि एवढ्यात व्यवहार पुरा होतो.

श्वास केव्हा, किती घ्यायचा हे मात्र मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा ठरवते. ती प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवते. तो वाढला की श्वास वाढतो. फार घटला की श्वास थांबतो.

चेन-स्टोक्स श्वसनात बिघडते ते हे नियंत्रण. हृदय दुर्बळ असले की फुप्फुसांतल्या रक्ताची खबर मेंदूकडे उशिरा पोचते. गिझर लांब असला की नळाला गरम पाणी उशिरा येते. तोवर माणूस नळ जास्तच सोडतो, मग चटका बसला की घाईने बंद करतो. मेंदूचे तसेच होते. त्यात फुप्फुसांत रक्त साचल्याने श्वास आधीच वाढलेला आणि कार्बन डायऑक्साइड मुळातच कमी असतो, त्यामुळे श्वास थांबण्याची सीमा जवळच असते.

निरोगी माणसांतही याच जातीची लय दिसते. लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणी पहिल्या काही रात्री झोपेत श्वास असा चढउतार करतो. ऑक्सिजन कमी म्हणून श्वास वाढतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास थबकतो.

उपचारात पहिला मान हृदयविकाराच्या औषधोपचाराला. नुसती लय सुधारणे पुरेसे नाही, हे २०१५ च्या ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीने दाखवले : हृदयाची आकुंचनक्षमता घटलेल्या रुग्णांत विशिष्ट प्रकारच्या श्वसनयंत्राने रात्रीचा श्वास नियमित झाला, तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. म्हणून घरातल्या हृदयरुग्णाचा श्वास झोपेत असा थांबून पुन्हा चढत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी.