ताम्रलिप्तीच्या बंदरात उतरलेला विद्यार्थी

चिनी भिक्षू इत्सिंग यांचे नाव घेताच अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे नालंदा उभी राहते. तेथे त्यांनी सुमारे दहा वर्षे अध्ययन केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु नालंदेपूर्वी भारतभूमीवर त्यांनी जे पहिले वर्ष घालविले, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. परक्या देशात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीला जे दिसते, ते तेथील रहिवाशांना नित्याचे झाल्यामुळे दिसेनासे झालेले असते. म्हणूनच हे वर्ष इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे होय.

इत्सिंग यांचा जन्म इ. स. 635 चा. विनयाचे शुद्ध आचरण प्रत्यक्ष पाहावे, ही त्यांची तरुणपणापासूनची आकांक्षा होती. राजधानी चांगान येथे ज्यांनी बरोबर येण्याचे ठरविले होते, ते एकेक करून मागे राहिले. 671 च्या अखेरीस कँटनहून एका इराणी जहाजात बसताना त्यांच्यासोबत एकच तरुण भिक्षू होता, आणि तोही सुमात्रातील श्रीविजय येथून आजारपणामुळे मायदेशी परतला. श्रीविजयात सहा महिने राहून इत्सिंग यांनी संस्कृत व्याकरणाचा पाया घातला. पुढे भारतात येऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूंनी आधी येथे एक-दोन वर्षे राहावे, असा सल्ला त्यांनी लिहून ठेवला आहे. भाषेवाचून परदेशी विद्या हाती लागत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

673 मध्ये ते ताम्रलिप्तीला, म्हणजे आजच्या पश्चिम बंगालमधील तामलुक येथे, उतरले. वय अडतीस. तेथे त्यांना महायानप्रदीप नावाचे चिनी भिक्षू भेटले. ह्युएनत्संग यांचे हे शिष्य ताम्रलिप्तीत बारा वर्षे राहिलेले होते. त्यांच्याजवळ इत्सिंग वर्षभर राहिले व संस्कृत शिकले.

पहिल्याच दिवसांतील एक प्रसंग त्यांनी नोंदविला आहे. विहाराबाहेरच्या चौकात काही कुळे भाजी घेऊन आली. त्यांनी तिचे तीन वाटे केले, एक वाटा भिक्षूंना दिला आणि दोन घेऊन ती निघून गेली. इत्सिंग यांना हे काय चालले आहे ते उमगेना. त्यांनी महायानप्रदीपांना विचारले. उत्तर मिळाले ते असे : भिक्षूने स्वतः शेती करू नये असा भगवंतांचा नियम आहे, नांगरणीत व पाणी देण्यात जीवहत्या होते. म्हणून संघाची जमीन इतर लोक कसतात आणि संघ उत्पन्नाचा एक भाग तेवढा घेतो.

पालि पातिमोक्खाशी परिचय असलेल्या वाचकाला येथे पाचित्तियाचा दहावा नियम आठवेल. त्यात भूमी खणण्यास मनाई आहे. इत्सिंग यांनी असे नियम ग्रंथात वाचले होते. त्या दिवशी त्यांनी एक नियम भाजीच्या वाट्यात पाहिला. रोज सकाळी विहाराचा व्यवस्थापक भिक्षू विहिरीचे पाणी तपासतो, त्यात जीव आढळल्यास ते गाळून घेतले जाते, हेही त्यांनी टिपून ठेवले.

याहून महत्त्वाची आहे ती संघाच्या कारभाराविषयीची नोंद. कोणी भाजीचा एक देठ जरी दिला, तरी संघाच्या संमतीनेच त्याचा उपयोग केला जाई. संघाचे मत न घेता जो भिक्षू स्वतःच्या मर्जीने निर्णय करी, त्याला ‘कुलपती’, म्हणजे घरधन्यासारखा वागणारा, ठरवून विहाराबाहेर काढीत. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत भिक्षुसंघाच्या संसदीय कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले होते. त्यासाठी विनयपिटकाचा आधार पुरेसा आहेच. पण भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर हजारांहून अधिक वर्षांनी, समुद्रकाठच्या एका विहारात ती वृत्ती रोजच्या भाजीपाल्यापर्यंत जिवंत होती, याची साक्ष एका नवख्या परदेशी विद्यार्थ्याने दिली आहे.

वर्षभराने दोघेही मोठ्या व्यापारी तांड्यासोबत मगधाकडे निघाले. महाबोधी दहा दिवसांच्या वाटेवर असताना इत्सिंग आजारी पडले. शंभर पावले चालावे आणि बसावे, अशी अवस्था झाली. तांडा पुढे गेला. सायंकाळी दरोडेखोरांनी त्यांना गाठून अंगावरची वस्त्रे काढून घेतली. या भागात गोऱ्या माणसाचा बळी देतात, असे त्यांच्या कानावर आले होते. म्हणून त्यांनी अंगाला चिखल फासला, पाने गुंडाळली आणि काठीच्या आधाराने चालत राहिले. रात्री उशिरा एका गावाबाहेर त्यांना हाक ऐकू आली. महायानप्रदीप त्यांना शोधीत होते. त्यांनी आपले वस्त्र दिले. तळ्यात अंग धुऊन इत्सिंग गावात गेले.

भारतात विद्येसाठी आलेल्या छप्पन्न भिक्षूंची चरित्रे इत्सिंग यांनी पुढे लिहिली. त्यांतील अनेक जण परत गेलेच नाहीत. महायानप्रदीपही कुशीनगरातच निवर्तले. याच ग्रंथात त्यांनी एक खंत मांडली आहे. इतर देशांच्या भिक्षूंना भारतात स्वतःचे विहार आहेत, चिनी भिक्षूंना मात्र नाही. नालंदेच्या पूर्वेस श्रीगुप्त नावाच्या राजाने कधीकाळी चिनी भिक्षूंसाठी विहार बांधून चोवीस गावांचे उत्पन्न नेमून दिल्याचे त्यांनी ऐकले होते. त्यांच्या काळी तेथे केवळ विटांचा पाया उरला होता. चीनहून भिक्षू आले तर आपण तो पुन्हा उभारू, असे तेथील राजा देववर्मा म्हणत असे.

विद्येसाठी देशांतर करणाऱ्याला गुरू आणि ग्रंथ जितके आवश्यक, तितकेच डोक्यावरचे छप्पर आणि हाक मारणारा सोबती आवश्यक, हे या खंतीचे मर्म होय. आज आपली मुले-मुली परदेशी विद्यापीठांत जातात, आणि आपल्या विहारांतही दूर देशांचे जिज्ञासू येतात. आपल्या दारी येणाऱ्या नवख्या विद्यार्थ्यासाठी महायानप्रदीप होण्याची आपली तयारी आहे काय, हा प्रश्न प्रत्येक विहाराने स्वतःला विचारला पाहिजे.