शाहीर विठ्ठल उमप : अखेरपर्यंत मंचावर

१९७६च्या सुमारास लंडनमध्ये पंक संगीताची बंडखोर लाट उसळली. तिच्यातील काही गायक सत्तरी ओलांडूनही रंगमंचावर उभे राहिले. मराठी मुलखात गाण्यातून व्यवस्थेला जाब विचारण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, महाड येथे १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुढे आंबेडकरी जलशांनी समतेचा विचार वस्त्यावस्त्यांत पोहोचविला. त्या वारशाचे थोर मानकरी म्हणजे शाहीर विठ्ठल उमप.

१५ जुलै १९३१ रोजी मुंबईतील नायगाव येथे त्यांचा जन्म झाला. भीमगीते, पोवाडे, भारुडे आणि कव्वाली या प्रकारांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. कोळीगीतांतून त्यांनी अलिबाग-मुरूडसारख्या किनारपट्टीवरील दर्यावर्दी जीवनाचा ठेका शहरी श्रोत्यांपर्यंत नेला. 'जांभूळ आख्यान' हा त्यांच्या कलेचा कळस. कर्णाविषयी द्रौपदीच्या मनात दडलेली ओढ सांगणारी ही लोककथा ते गायन आणि अभिनयातून जिवंत करीत. उतारवयात 'टिंग्या' (२००८) या चित्रपटातही त्यांनी भूमिका केली.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात ते मंचावरच कोसळले आणि त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. लोककला ग्रंथात जपता येते, परंतु तिचा श्वास गाणाऱ्याच्या कंठातच असतो. म्हणूनच पुत्र नंदेश उमप यांनी हे आख्यान पुन्हा रंगमंचावर आणले, याचे मोल मोठे आहे.