पाचव्या प्लेटची कुळकथा

तंजावरच्या चित्रातला बाळकृष्ण कॅलेंडरवर उतरला की सगळ्यात आधी त्याचं सोनं मरतं. मूळ फळीवरचे मुकुट, प्रभावळ आणि मखराचे खांब समईच्या उजेडात हलल्यासारखे वाटतात. कागदावर त्यांच्या जागी तपकिरीकडे झुकलेला पिवळा पट्टा उरतो. फोटो उत्तम असतो, आर्ट पेपर महागाचा असतो, मशीन नवं असतं, तरीही हे होतं. नेहमीच्या रंगीत छपाईत चारच शाया असतात: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. प्रत्येक शाईची एक प्लेट. त्यांचे बारीक ठिपके शेजारी आणि एकमेकांवर पडून डोळ्याला असंख्य छटा दाखवतात. पण सोनं ओळखू येतं ते त्याच्या छटेपेक्षा चकाकीमुळे. आपण जरा सरकलो की तिथला प्रकाश बदलतो. ही करामत ठिपक्यांना साधत नाही.

यावरचा उपाय म्हणजे पाचवी प्लेट. तिच्यासाठी एकच शाई आधी घोटून तयार केलेली असते आणि ती ठरलेल्या जागीच लागते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला स्पॉट कलर म्हणतात, छापखान्यात स्पेशल कलर. पुष्कळांना ही अलीकडची, चैनीची सोय वाटते. कुळ शोधत गेलं तर क्रम उलटा निघतो. वेगळ्या भांड्यातला रंग आधीचा आहे, चार रंगांची मिसळण नंतरची.

तंजावरच्या चित्रकाराचंच काम पाहा. फणसाच्या फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूच्या पुडीचा आणि डिंकाचा लेप देऊन तो घासून गुळगुळीत करायचा, मग रेखाटन. दागिने, कमानी, वस्त्रांचे काठ जिथे येणार तिथे घट्ट लेपाने उठाव आणायचा, खडे बसवायचे, त्यावर सोन्याचा वर्ख दाबायचा. रंग भरणं त्यानंतर. सोन्याची जागा रंगाच्या आधी ठरलेली असते, त्याचं साहित्य वेगळं असतं आणि पिवळा रंग कालवून सोनं करायचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. नायकांच्या काळात मूळ धरलेली ही शैली मराठी राजवटीत बहरली. व्यंकोजीराजांनी 1670 च्या दशकात तंजावरात भोसल्यांची गादी स्थापली, ती 1855 पर्यंत टिकली. एवढ्या काळात देवघरांत आणि दरबारात सोन्याने मढलेल्या या फळ्यांना मोठा आश्रय मिळाला. प्लेट, शाई, मशीन यांतलं काहीही तिथे नव्हतं, पण प्रत्येक खास रंगाला स्वतःचं साहित्य आणि स्वतःची जागा द्यायची ही रीत पुरती मुरलेली होती. स्पॉट कलरचं कुळ मी या रीतीत पाहतो.

तीच रीत हस्तलिखितांतही दिसते. आपल्या पोथ्यांत मजकूर काजळाच्या काळ्या शाईने लिहीत; दंड, अध्यायाच्या समाप्तीच्या ओळी हिंगुळाने लाल करत; चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत. तीन रंग, तीन वाट्या, तिघांची कामं ठरलेली. युरोपात छपाई सुरू झाल्यावर लाल रंगाची ही हौस यंत्राकडे आली. फुस्ट आणि शोफर यांनी 1457 साली माइन्झला छापलेल्या स्तोत्रग्रंथात मोठी आद्याक्षरं लाल आणि निळ्या शाईत छापलेली आहेत. त्या अक्षरांसाठीही शाई वेगळी आणि धातूचे ठसे वेगळे होते.

तंजावरात छपाई आली ती दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. जवळच्याच तरंगमबाडीला डॅनिश मिशनचा छापखाना अठराव्या शतकाच्या आरंभापासून चालत होता, आणि राजांचं शिक्षण श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झालेलं. 1805 च्या सुमारास राजांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभा केला. इसापनीतीचं सख्खण पंडितांनी केलेलं मराठी भाषांतर, ‘बालबोध मुक्तावली’, हे त्या छापखान्याचंच काम. मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रण रुळायच्या आधीची ही गोष्ट आहे, आणि मराठी छपाईचा इतिहास सांगताना तंजावरला पहिल्या पानावर जागा द्यायला हवी असं माझं ठाम मत आहे. चित्रं आणि छपाई एकाच राजाच्या आश्रयाला नांदली, पण फळीवरचं सोनं कागदावर उतरवायला अजून बराच अवकाश होता.

दरम्यान मिसळणीची कल्पना दुसरीकडे जन्मली होती. फ्रँकफर्टला जन्मलेल्या याकोब ख्रिस्तोफ ल ब्लॉनने निळा, पिवळा आणि लाल अशा तीनच पत्र्यांचे ठसे एकावर एक छापून सगळे रंग मिळवून दाखवले. 1719 साली त्याला इंग्लंडमध्ये पेटंट मिळालं, पण धंदा काही चालला नाही. तीन रंगांच्या ठिपक्यांची हाफटोन छपाई व्यवहारात यायला 1890 चं दशक उजाडलं. त्याआधी आणि नंतरही काही काळ रंगीत चित्रांवर राज्य होतं शिळाछापाचं. त्यात प्रत्येक रंगाला एक दगड. त्वचेच्या गुलाबीला वेगळा, साडीच्या काठाच्या लालला वेगळा. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक दगड एक स्पॉट कलर होता.

आपल्याकडे हे तंत्र घराघरांत पोचवलं रविवर्मांच्या छापखान्याने. तो 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. इथे तंजावर पुन्हा भेटतं. रविवर्मांना चित्रकलेचे पहिले धडे दिले त्यांचे मामा राजराज वर्मा यांनी, आणि ते तंजावरच्या पद्धतीने चित्रं काढत. भाच्याने तैलरंग उचलले, सोनं सोडलं. लोकांनी मात्र सोडलं नाही. विकत आणलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील चित्रांवर घरोघरी जर आणि टिकल्या चिकटवल्या जात. कागदाने जे दिलं नाही ते लोकांनी हाताने पुरवलं.

चार रंगांची छपाई स्वस्त झाली, तशी खास शाई मोजक्या कामांपुरती उरली: कंपनीचं बोधचिन्ह, औषधाचं खोकं, लग्नपत्रिका. मग नवा प्रश्न उभा राहिला. सांगलीच्या छापखान्यातला भगवा आणि चेन्नईतला भगवा एकच कसा ठेवायचा? स्वच्छ, भडक केशरी चार शायांच्या मिसळणीत उतरतच नाही, मळकट होतो. म्हणून तो वेगळाच घोटावा लागतो आणि घोटणाऱ्यागणिक बदलतो. स्वतंत्र भारताने राष्ट्रध्वजापुरतं याचं उत्तर लवकर शोधलं. 1951 साली निघालेल्या आयएस 1 या पहिल्यावहिल्या भारतीय मानकात ध्वजाच्या रंगांचा निवाडा कोणाच्या नजरेवर सोडलेला नाही, ते मोजमापाच्या आकड्यांत बांधलेले आहेत. व्यापारी छपाईत हे काम अमेरिकेतल्या लॉरेन्स हर्बर्टच्या पॅन्टोन कंपनीने 1963 साली केलं. मोजक्या मूळ शाया, त्यांच्या मिश्रणाची ठरलेली प्रमाणं, प्रत्येक मिश्रणाला क्रमांक, आणि हे सगळं पंख्यासारख्या उघडणाऱ्या छापील पुस्तिकेत. क्रमांकाच्या मागे सी असेल तर नमुना गुळगुळीत कोटेड कागदावरचा, यू असेल तर साध्या कागदावरचा. शाई तीच, कागद बदलला की दिसणं बदलतं.

सॉफ्टवेअरने या पद्धतीचं मर्म बरोबर उचललं. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ फायलींत स्पॉट कलर आधी नावाने नोंदवला जातो. सोबत पडद्यावर दाखवण्यासाठी पर्यायी आकडे असतात, ते केवळ बदली कामगार. छापखान्याकडे जातं ते नाव, त्या नावाची प्लेट निघते आणि शाई माणूस घोटतो. बहुतेक घोटाळे हे न कळल्याने होतात. जुन्या फायलीत ‘पॅन्टोन 185 सीव्ही’ आणि नव्या लोगोत ‘पॅन्टोन 185 सी’ असेल, तर एकाच लाल रंगाच्या दोन प्लेटा निघतात. इनडिझाइनच्या इंक मॅनेजरमध्ये एका नावाला दुसऱ्याशी जोडता येतं. सेपरेशनचा प्रीव्ह्यू उघडून प्लेटा मोजल्या तर ही चूक दोन मिनिटांत सापडते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोनची बहुतेक पुस्तकं परवान्याच्या वादात काढली गेली आणि जुन्या फायलींतले रंग अनेकांना काळे दिसू लागले. रंगांची नावं एका कंपनीच्या मालकीची असणं मला तेव्हा फार खटकलं, अजूनही खटकतं.

सोन्याच्या बाबतीत पडदा सर्वात जास्त फसवतो. पॅन्टोन 871 ही सोनेरी शाई म्हणजे खरं तर तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूची भुकटी. मॉनिटरवर ती मातकट खाकी दिसते. मग नवखा माणूस घाबरून तिच्यात पिवळा वाढवतो, म्हणजे पुन्हा चार रंगांत परततो, आणि बाळकृष्णाचा मुकुट परत तपकिरी होतो. त्या खाकी चौकोनावर विश्वास ठेवायला शिकावं लागतं. या शाईची फिकट टक्केवारीही टाळावी. तीस टक्क्यांच्या ठिपक्यांत चकाकी उरत नाही. साध्या कागदात ती मुरते, म्हणून कोटेड कागद बरा. आणखी झळाळी हवी तर फॉइल आहे, पण ते बहुधा छपाई झाल्यावर गरम ठशाने दाबतात, तंजावरच्या क्रमाच्या बरोबर उलट.

तंजावरचं चित्र दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर, दिनदर्शिकेवर किंवा पत्रिकेवर घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. सोनं फोटोतून वेगळं काढून त्याचा स्वतंत्र स्पॉट चॅनल करा, त्याला एकच नाव द्या, छापखान्याला मॉनिटरचा फोटो न पाठवता छापील पुस्तिकेतला नमुना दाखवा, आणि कोटेशन मागतानाच पाचवी प्लेट धरायला सांगा.