कापसाचे सोने आणि त्यानंतरचे दिवस

श्रमाने मिळविलेला पैसा मनुष्य मोजून खर्च करतो. अवचित हाती आलेला पैसा मोजण्याचे भानच त्याला राहत नाही. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली राज्य लॉटरी सुरू केली, तेव्हापासून सोडतीत नाव निघालेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा चर्चेचा एक आवडता विषय झाला. परंतु त्यापूर्वी शंभर वर्षे या भागातील लोकांनी एक फार मोठी सोडत अनुभवली होती. तिचे तिकीट कोणीही विकत घेतले नव्हते. ती सोडत म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्ध.

इंग्लंडमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. १८६१ च्या एप्रिलमध्ये युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली आणि लँकेशायरचे माग थांबू लागले. साहजिकच सर्वांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड, नागपूर, वर्धा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेला सौसर, मोहगाव, पांढुर्ण्याचा पट्टा हा सारा काळ्या जमिनीचा मुलूख. कापूस येथे पिढ्यान्पिढ्या पिकत आला होता. आता त्याच बोंडाला कधी न ऐकलेला भाव आला. त्या चार वर्षांत मुंबई इलाख्यात नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सुमारे आठ कोटी पौंड अधिक आले, असा अंदाज पुढे करण्यात आला.

हा पैसा लोकांनी कसा वापरला? कापसाच्या प्रदेशातील शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, नांगराचे फाळही चांदीचे केले, अशा गोष्टी तेव्हापासून सांगण्यात येतात. त्यांत अतिशयोक्ती असेल. परंतु तिच्या मुळाशी असलेला स्वभाव ओळखीचा आहे. ज्याच्या घरी चांदी क्वचितच आली, त्याला ती प्रथम चारचौघांत मिरवावीशी वाटते. त्यासाठी त्याला हसण्याचे कारण नाही. शिवाय चांदी वेळप्रसंगी मोडता तरी येते.

मुंबईच्या सुशिक्षित धनिकांना तेवढेही साधले नाही. त्यांनी पैसा कागदात घातला. नवनव्या बँका आणि कंपन्या निघाल्या. बॅक बे येथे समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. वकील, डॉक्टर, कारकून, सारेच या नादी लागले. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापूस गडगडला. वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशी देणेकरी असंख्य होते. देण्यास मात्र जवळ काही नव्हते. जुनी बँक ऑफ बॉम्बेदेखील या आघातातून वाचली नाही. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली पोचली. परंतु जिच्यासाठी सारा मुलूख तिची वाट पाहत होता, ती तेजी तोवर निघून गेली होती.

खेड्यांतील दुःख सावकाश उघडे पडले. तेजीत शेतकऱ्याची पत वाढली होती, म्हणून सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले होते. पुणे जिल्ह्यात इंदापूरकडे १८६७ साली सारावाढही झाली. पुढे भाव उतरले. पण कर्जखताचा आकडा आणि साऱ्याचा हप्ता उतरला नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून खते जाळली आणि दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्याची कारणे अनेक होती. तथापि तेजीच्या भरवशावर उचललेले कर्ज हे त्यांतील एक होते. अवचित धनाचा खरा धोका येथे दिसतो. उधळलेला पैसा जातो आणि हिशेब संपतो. त्या पैशाच्या विश्वासावर दिलेला शब्द मात्र मागे राहतो.

याच काळात दोन माणसे वेगळ्या कारणांनी स्मरणात राहिली. तेजीचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी त्यांचे वैभव कोसळले. त्यांच्या मातेच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला आणि आजही उभा आहे. जे त्यांनी स्वतःपाशी ठेवले ते बुडाले; जे देऊन टाकले तेवढे टिकले.

दुसरे जमशेदजी टाटा. घराण्याच्या कापूस व्यापारासाठी ते ऐन तेजीत लंडनला गेले आणि तेथेच दिवाळखोरीला सामोरे गेले. त्यांनी धनकोंपासून काही लपविले नाही. तेव्हा हिशेब मिटविण्याचे काम धनकोंनी त्यांच्याच हाती सोपविले. पुढे ॲबिसिनियाच्या मोहिमेच्या पुरवठ्यात घराण्याला पुन्हा मोठा नफा झाला. या वेळी तो सट्ट्यात गेला नाही. चिंचपोकळीची एक बुडीत तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, लँकेशायरला जाऊन धंदा अभ्यासला, आणि १ जानेवारी १८७७ रोजी कापसाच्या मुलखातच, नागपुरास, एम्प्रेस मिल सुरू केली. त्या गिरणीने पुढे अनेक पिढ्यांना काम दिले.

मोहगावच्या परिसरात आज कापसाबरोबर संत्र्याच्या बागा आहेत. भाव एखाद्या वर्षी चढतो, पुढच्या वर्षी पडतो. चढत्या वर्षी विहीर खोल करावी, जुने देणे फेडावे, मुलीचे शिक्षण पुरे करावे, थोडे शेजाऱ्याच्या अडीअडचणीलाही द्यावे. केवळ त्या वर्षाच्या भावावर विसंबून नवे कर्ज मात्र काढू नये. सुप्याच्या शेतकऱ्यांनी हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. तो पुन्हा विकत घेण्याची आवश्यकता नाही.